अंदाजपंचे दाहोदरसे : एका वाक्प्रचाराचा हिशेब

अटकळीने, ठोकळमानाने, कसलाही आधार न घेता एखादे काम उरकले की आपण त्याला ‘अंदाजपंचे’ म्हणतो. जुन्या पिढीतील माणसे त्यापुढे ‘दाहोदरसे’ जोडतात. पदव्युत्तर वर्गात या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला तर बहुतेक वेळा शांतता पसरते. एखाद्याला ते गुजरातच्या सीमेवरील दाहोद वाटते. वस्तुतः दाहोदरसे ही एक संख्या आहे, आणि तीही अगदी नेमकी : एकशे दहा.

संस्कृतात शंभरापुढील संख्या सांगताना वरचा आकडा आधी घेऊन ‘उत्तर’ हा शब्द जोडतात. अष्टोत्तरशत नामावली आपल्या परिचयाची आहे. दशोत्तरशत याच घडणीचे मराठी रूप म्हणजे दाहोदरसे. एकशे पाचास पंचोदरसे, एकशे बारास बारोदरसे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा रचनाकाळ सांगितला आहे, तोही शतांवर ‘उत्तर’ बारा याच रीतीने. म्हणजे जी रीत तेराव्या शतकात ग्रंथसमाप्तीला शोभली, तीच पुढे कित्येक शतके पोरांच्या पाढ्यांत नांदत होती.

आता ‘पंचे’चे कोडे. तीसपर्यंतच्या पाढ्यांत एकशे दहा ही संख्या दोनच ठिकाणी येते : अकरा दाहे दाहोदरसे, आणि बावीस पंचे दाहोदरसे. ‘पंचे’नंतर दाहोदरसे येण्याची जागा त्यामुळे एकच उरते. ‘बावीस’ काढून तेथे फारसीतून आलेला ‘अंदाज’ बसवला की वाक्प्रचार तयार! हिंदीत ‘अटकलपच्चू’ असा याच अर्थाचा शब्द आहे, आणि ‘पंचे’ हे त्याच ‘पच्चू’चे भावंड असावे असे कोणी म्हणेल. ध्वनिसाम्य नाकारता येत नाही. परंतु ‘दाहोदरसे’ या शेपटाचा उलगडा त्याने होत नाही. पाढ्याने होतो. म्हणून माझे मत पाढ्याच्या बाजूने आहे.

हा विनोद कोठे जन्मला असेल हे सांगायला पुरावा फारसा लागत नाही. पंतोजींची शाळा, धूळपाटी, संध्याकाळचा परवचा. सगळी मुले एका सुरात पाढे म्हणत. नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनाची औटकीसुद्धा. अशा गजरात ज्याला पाठ नाही तोही तोंड हलवत राहतो, आणि सूर चुकला नाही तर खपून जातो. चाल पाढ्याची, आकडा मात्र मनचा. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’मध्ये हीच लबाडी पकडलेली आहे : उत्तर ठणठणीत, गुणिले कोणाला याचा पत्ता नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा प्रकार नवा नसावा. असो.

पुढे या पाढ्यांचे प्रयोजनच ओसरले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने-मापे आली, आणि आणे, शेर, पायली यांच्याबरोबर पावकी-औटकीही घरी बसल्या. २०१९ च्या जूनमध्ये ‘बालभारती’च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ या वाचनावरून केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर यांच्या समितीने मुलांच्या अडचणीचा विचार करून सुचवलेला तो पर्याय अनेकांना भाषेवरचा घाला वाटला. मला त्या वादात एकच गंमत वाटली. ‘एकवीस’साठी लढणाऱ्या पिढीने ‘दाहोदरसे’ कधीच सोडून दिले होते, आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं केले नव्हते.

या वाक्प्रचारात तुच्छता आहे, हे लक्षात घ्यायला हवे. ‘अंदाजपंचे काम’ ही प्रशंसा नव्हे. इंग्रजीत १९३० च्या दशकात वैमानिकांमुळे रूढ झालेला एक वाक्प्रचार याच्या नेमका उलट आहे : विजारीच्या बुडाने विमान चालवणे. त्या काळच्या विमानांत उपकरणे थोडी. विमान घसरते आहे की कलते आहे हे बैठकीला जाणवणाऱ्या दाबावरून ओळखावे लागे. त्यात शाबासकी आहे. खरे तर ढगात शिरल्यावर हीच जाणीव वैमानिकाला दगा देते, म्हणून तर १९२९ मध्ये जेम्स डूलिटल याने केवळ उपकरणांच्या भरवशावर उड्डाण करून दाखवले. तरी भाषेने कौतुक बुडाचेच केले. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, पण मराठीला असा वाक्प्रचार सुचला नाही. कारखान्यात विमान मोजून-मापून घडते, हेही एक कारण असेल.

मग मराठीला अनुभवातून आलेल्या अंदाजाची कदरच नाही काय? आहे, पण ती दुसऱ्या खात्यावर जमा होते. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३ मध्ये नाशिकला आले. कॅमेरा हाताने फिरवायचा, प्रकाश उन्हाचा. फिल्मला भोके पाडण्याचे काम अंधारात चालायचे, आणि ते सरस्वतीबाईंनी आत्मसात केले होते. हँडल फिरवणारे त्र्यंबक तेलंग हे मूळचे साध्या छायाचित्रणाचे जाणकार. यांच्या कामाला कोणी मराठी माणूस ‘अंदाजपंचे’ म्हणणार नाही. ‘हात बसला आहे’, ‘नजर तयार आहे’ असे म्हणेल. अभ्यासाशिवायचा अंदाज पाढ्यांच्या चेष्टेत, अभ्यासानंतरचा हाताच्या आणि डोळ्यांच्या नावावर, अशी ही वाटणी आहे. अंगठ्याचा नियम म्हणून सतराव्या शतकापासून ओळखला जाणारा इंग्रजी प्रयोग या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो.

अनुवादकाची खरी पंचाईत होते ती ‘गट फीलिंग’पाशी. त्यासाठी सर्रास ‘आतला आवाज’ योजतात, आणि शेअरबाजारातला दलाल एकदम गांधीजींच्या पंक्तीला जाऊन बसतो. कारण आपल्याकडे आतला आवाज सदसद्विवेकाचा असतो, तेजी-मंदीचा नव्हे. पोट म्हणावे तर मराठी पोटात माया असते, अपराध घातले जातात, भीतीने गोळा येतो. भाकीत मात्र तेथे होत नाही. भाकीत मनात होते. पण तेथेही संशयाची पाल चुकचुकते ती वाईटाचीच सूचना देत. चांगले घडणार असल्याची चाहूल देणारा एखादा प्राणी मराठी मनात वस्तीला असल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. त्यासाठी आपण ‘डोळा लवणे’ वापरतो, आणि तोही डावा की उजवा, बाईचा की पुरुषाचा, हे आधी विचारून घेतो.