निळू फुले : खलनायकीला माणूसपण देणारा नट

मराठी चित्रपटातला पाटील, सरपंच वा साखर कारखान्याचा अध्यक्ष म्हटले की आजही डोळ्यांसमोर उभे राहतात ते निळू फुले. १९३० साली जन्मलेल्या फुले यांची जडणघडण पुण्यात राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत झाली. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असतानाच सेवा दलाच्या कलापथकातून त्यांच्यातला नट घडला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर ओळख दिली आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले.

विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधील (१९७२) सखाराम ही त्यांच्या रंगभूमीवरील कारकिर्दीची कसोटी ठरली. नाटकावर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर प्रयोगांचा मार्ग मोकळा झाला. तमाशाप्रधान वगांत रमलेला नट असा दाहक, रांगडा आणि तरीही आतून एकाकी माणूस उभा करू शकतो, हे मध्यमवर्गीय प्रेक्षकांना नवे होते.

जब्बार पटेल यांच्या 'सामना'त (१९७५) त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारसम्राट रंगवला. समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. आवाज न चढवता, खर्जातल्या रेंगाळत्या शब्दांनी आणि नजरेच्या एका फेऱ्याने सत्तेची दहशत निर्माण करण्याची त्यांची हातोटी येथे दिसते. मात्र या हिंदुरावाला स्वतःच्या कर्तृत्वाचा अभिमान आहे, तसाच अपराधाचा सलही आहे. त्यामुळे तो केवळ खलपुरुष राहत नाही. हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पोहोचला. 'सिंहासन'मध्ये (१९७९) मात्र याच नटाने सत्तेचा खेळ हताशपणे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस साकारला. एकदा सत्ताधारी, एकदा साक्षीदार असा हा पल्ला होता.

हिंदीत 'कुली' (१९८३), 'मशाल' आणि 'सारांश' (दोन्ही १९८४) या चित्रपटांतून ते दिसले. तरीही त्यांचे मन मराठी मातीतच रमले. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला.

पडद्यावर त्यांनी ज्या सरंजामी वृत्तीचे दर्शन घडवले, तिच्याविरुद्ध ते प्रत्यक्षात आयुष्यभर उभे राहिले. समाजवादी विचारांचे फुले अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीत सहभागी होते. कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामालाही त्यांनी हातभार लावला. त्यांच्या खलभूमिका इतक्या खऱ्या वाटल्या, याचे एक कारण या विसंगतीत असावे. ज्या व्यवस्थेशी लढायचे, तिची भाषा आणि चालढाल त्यांनी जवळून ओळखली होती.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे अनेकांनी त्यांच्या आवाजाच्या नकला करून हशा मिळवला. नकलेत आवाज सापडतो, पण त्यामागची समाजाची जाण सापडत नाही. ती शोधायची तर 'सामना'कडेच परत जावे लागते.