दातातली चांदी

दातात चांदी भरली, असे आपण सहज म्हणतो. पण त्या चांदीत सुमारे निम्मा पारा असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. चांदी, कथील व तांबे यांची पूड पाऱ्यात कालविली म्हणजे मऊ लगदा होतो आणि थोड्याच वेळात तो घट्ट बसतो. परंतु त्यातला पारा दातातच राहतो काय, या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

१८३३ साली क्रॉकोर बंधूंनी हे मिश्रण न्यूयॉर्कला नेले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतवैद्यांच्या संस्थेने ते न वापरण्याची प्रतिज्ञा सभासदांकडून लिहून घेतली. परंतु सोने महाग आणि हे मिश्रण स्वस्त! सभासद फुटले आणि १८५६ मध्ये संस्थाच मोडली. शपथेने वाद मिटला नाही.

१९२६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी तो पुन्हा उकरून काढला. प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेने त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली होती. दातातल्या पाऱ्याचीही वाफ होते, असा इशारा त्यांनी दिला.

ही वाफ जाते कोठे, हे १९८९ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथील संशोधकांनी दाखविले. एका मेंढीच्या १२ दातांत त्यांनी किरणोत्सर्गी पारा मिसळलेले मिश्रण भरले. २९ दिवसांनी तो पारा फुप्फुसांत, यकृतात आणि मूत्रपिंडांत आढळला. चर्वणाने वाफ सुटते, श्वासावाटे रक्तात उतरते आणि पुढे बराचसा पारा मूत्रपिंडांत साठतो.

पण पोचणे निराळे आणि अपाय करणे निराळे. मेंढी रवंथ करणारा प्राणी, हा आक्षेप लगेच निघाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व पोर्तुगाल येथील मुलांवरच्या दोन चाचण्यांत बुद्धीला वा मज्जासंस्थेला हानी झाल्याचे दिसले नाही. तरीही पारा पाण्यात व मातीत उतरतोच. म्हणून २०१३ च्या मिनामाता कराराने या मिश्रणाचा वापर घटविण्याचे ठरविले आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, तो बंद केला.

मग ज्यांच्या दातात ही चांदी आहे त्यांनी घाबरून ती उपटावी काय? तसे नव्हे. शाबूत भरण कोरताना वाफ अधिकच सुटते. पाऱ्याचे भय बाळगावे ते मोजून. आणि निश्चिंत राहावे तेही मोजूनच.