शरणपूरच्या पोरांची आठवण कोण काढणार?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही जयंतीच्या तयारीला बसलो होतो. भिंतीवर तथागत, जोतिबा, सावित्रीमाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब होतेच. यंदा त्यांच्या शेजारी आम्ही फ्रेडरिक डग्लस, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग आणि नेल्सन मंडेला यांचीही चित्रं लावली. सातवीतल्या एका मुलीने ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "दादा, अशी आफ्रिकेची माणसं आपल्या नाशिकला कधी आली होती का?" आम्ही हसून म्हणालो, "नाही गं, ती फार लांबची."

आमचं उत्तर साफ चुकीचं होतं. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं, ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांच्यावर तासन्‌तास बोललो, आणि ज्या शरणपूर रोडवरून रोज गाडी दामटतो त्या रस्त्याच्या नावामागचा इतिहास आम्हाला माहीत नव्हता. हा लेख त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

ब्रिटिशांनी आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने बंद केली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घ्यायला १८४३ साल उजाडावं लागलं. तरीही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांचा व्यापार चालूच होता. झांझिबारच्या बाजारात माणसं विकली जात आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे पाठवली जात. इंग्रजांची लढाऊ जहाजं ही गलबतं अडवत. सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवलं जाई. त्यांत लहान मुलं खूप असत. आईबाप मारले गेलेले किंवा हरवलेले, गाव कुठल्या दिशेला हेही ठाऊक नाही. या मुलांचं करायचं काय, हा सरकारपुढचा प्रश्न होता. "तुला कुठे जायचंय?" असं त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यातली बरीच मुलं नाशिकला आली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. तिथेच १८६० च्या सुमारास सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला. मुलांना लिहा-वाचायला आणि इंग्रजी शिकवत, सोबत सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवत. पुढे पूर्व आफ्रिकेत हे लोक 'नासिक बॉईज' आणि 'बॉम्बे आफ्रिकन्स' या नावांनी ओळखले जाऊ लागले. आपल्या शहराचं नाव तिकडे कुंभमेळ्याने किंवा द्राक्षांनी पोचवलं नाही, या पोरांनी पोचवलं.

त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. जन्माने याओ जमातीचा, लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, सुटला आणि नाशिकला शिकला. स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात आला तेव्हा शरणपूरची नऊ मुलं त्याच्यासोबत आफ्रिकेला गेली होती. १८७२ मध्ये स्टॅन्लीने लिव्हिंग्स्टनकडे कुमक पाठवली, तिच्यात नाशिकचे आणखी तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार ही त्यांतली काही नावं.

मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मेला. इंग्रजी पुस्तकं इथपर्यंत त्याची कथा सांगतात, आणि पुढचं दोन ओळींत उरकतात. आपल्यासाठी खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्या माणसांनी आपापसात सल्लामसलत केली. चुमा आणि सुसी हे त्यांचे पुढारी होते. चुमाही गुलामीतून सुटलेला, मुंबईत शिकलेला. शव किनाऱ्यापर्यंत न्यायचं असं ठरलं. हृदय झाडाखाली पुरलं, तिथे प्रार्थना वाचली जेकबने आणि झाडावरची अक्षरंही त्यानेच कोरली. मृताच्या सामानाची यादी करणाराही तोच, कारण त्यांच्यात चांगलं लिहिता येणारा तो होता. मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात गुंडाळलेलं ते शव घेऊन ही माणसं हजार मैलांहून अधिक चालली. वाटेत लोक मढं गावातून न्यायला हरकत घ्यायचे, तेव्हा त्यांनी ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधलं. एका टप्प्यावर कॅमेरन नावाचा इंग्रज नौदल अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरून टाका. त्यांनी नकार दिला. गोऱ्या साहेबाचा सल्ला काळ्या माणसांनी धुडकावला आणि ठरवलं ते तडीस नेलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी शव ताब्यात घेतलं आणि माणसांचा हिशेब करून त्यांना वाटेला लावलं. शवासोबत विलायतेला गेला तो एकटा जेकब, तोही मिशनच्या खर्चाने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा आफ्रिकन तरुण होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या लोकांसाठी साठ पदकं पाडली. त्यांवर 'शेवटपर्यंत निष्ठावान' अशा अर्थाचे शब्द होते. तोवर माणसं पांगली होती. बहुतेकांच्या हाती पदक पडलंच नाही.

हा 'निष्ठावान' शब्द आपण नीट तपासला पाहिजे. वरच्याने खालच्याला दिलेली ती शाबासकी आहे. निष्ठावान म्हटलं की त्या माणसाची बुद्धी, निर्णय आणि नेतृत्व यांवर बोलायची गरज उरत नाही. नऊ महिन्यांचा तो प्रवास म्हणजे मार्ग ठरवणं, धान्य मिळवणं, गावच्या प्रमुखांशी वाटाघाटी करणं, आजारी माणसांना सांभाळणं आणि नोंदी ठेवणं. हेच काम गोऱ्याने केलं असतं तर त्याला 'मोहीम' म्हटलं असतं आणि त्याचा पुतळा उभा राहिला असता. आपल्या बाबतीत काय झालं? किल्ल्याची राखण, गावाची वेस, सरकारी खजिन्याची ने-आण ही कामं आपल्या पूर्वजांनी केली, आणि इतिहासात त्यांची नोंद 'इमानी चाकर' एवढीच राहिली. इमानाचं कौतुक करणाऱ्यांनी माणुसकीचा हक्क मात्र दिला नाही. म्हणून जेकब आपल्याला लांबचा वाटत नाही.

दुसरा मुद्दा नावांचा. मॅथ्यू वेलिंग्टनचं जन्माचं नाव चेंग्विंबे होतं. गुलामांच्या व्यापाऱ्याने त्याचं गाव हिरावलं आणि वाचवणाऱ्याने त्याचं नाव बदललं. आपल्या आज्या-पणज्यांची नावंही आठवा. कचरू, धोंडी, दगडू. ती नावं आपल्याला व्यवस्थेने दिली होती. १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता आले, ते आपण स्वतः निवडले. दिलेलं नाव आणि घेतलेलं नाव यांतला फरक ज्या समाजाला अनुभवाने कळतो, त्यालाच चेंग्विंबेचं दुःख नीट कळेल. शरणपूर या नावातही तोच फरक आहे. तिथे मुलांना शरण दिलं गेलं. आपण त्रिसरण घेतो ते स्वतःच्या निर्णयाने.

आता तारखा जुळवून पाहा. जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने इंग्रजांशी तह करून गुलामांचा बाजार बंद केला. त्याच महिन्यात ही माणसं आफ्रिकेच्या पायवाटांवर शव खांद्यावर घेऊन चालत होती. आणि त्याच महिन्यात पुण्यात जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. जोतिरावांनी ओळखलं होतं की काळ्या माणसाच्या पायातली बेडी आणि शूद्रातिशूद्रांच्या मनातली बेडी एकाच जातीच्या लोखंडाची आहे. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिलं आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या साखळीतला नाशिकचा दुवा आपणच गाळला.

काही कार्यकर्त्यांनी आम्हाला टोकलं, "मिशनऱ्यांचा इतिहास तुम्ही कशाला उगाळता?" आमचं उत्तर सरळ आहे. आम्ही प्राइसची किंवा लिव्हिंग्स्टनची जयंती करा म्हणत नाही. मिशनने अक्षर दिलं हे खरं, आणि त्या मुलांचं आयुष्य आपल्या कामासाठी आखून दिलं हेही खरं. जोतिरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण विचार त्यांनी स्वतःचा उभा केला. शरणपूरच्या पोरांनीही तेच केलं. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे नाशिकहून १८६४ मध्ये मोंबासाकडे गेले. १८७४ नंतर शरणपूरचा आश्रमच तिकडे हलला आणि मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं. तिथे गुलामीतून सुटलेल्या माणसांमध्ये नाशिकचे हे लोक शिक्षक, धर्मोपदेशक आणि कारागीर म्हणून उभे राहिले. गुलामांच्या व्यापाऱ्यांची धाड आली की सावध करायला तिथे घंटा वाजवत. काल ज्यांना विकलं होतं, ते आज दुसऱ्यांची विक्री रोखत होते. याला आम्ही चळवळ म्हणतो.

दुसरा आक्षेप एका शाळेत ऐकला. मुलांसमोर हा विषय मांडायची परवानगी मागायला गेलो, तर उत्तर मिळालं, "अभ्यासक्रमात निग्रो कुठे आहेत?" मलिक अंबर तर अभ्यासक्रमात आहे ना? इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा. जमीनमहसुलाची घडी त्याने बसवली. १६१० च्या सुमारास त्याने वसवलेली खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १९५० मध्ये बाबासाहेबांनी आपलं महाविद्यालय काढलं ते त्याच शहरात. मलिक अंबर सत्ताधारी होता, मुक्तिदाता नव्हता, हे आम्ही विसरत नाही. पण त्याला धड्यात 'हबशी' म्हणायचं आणि वर्गात सावळ्या मुलाला चिडवायलाही 'हबशी' हाच शब्द वापरायचा, हे शाळा चालू देतात. आणि शाळांनाच का दोष द्यायचा? आपल्या घरांत स्थळं बघताना 'मुलगी गोरी हवी' म्हणणारे आपणच आहोत. डग्लसचं चित्र भिंतीवर आणि गोरेपणाचं क्रीम कपाटात, हे एका घरात नांदू शकत नाही.

अमेरिकेत कार्टर वूडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीत 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. ते स्वतः एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांचे पुत्र. पाठ्यपुस्तकात आपली माणसं नाहीत, म्हणजे मुलांच्या मनातही ती नाहीत, हे त्यांनी ओळखलं. त्यातूनच पुढे कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना उभा राहिला. आपल्याकडे एप्रिल हा तसाच महिना आहे. ११ तारखेला जोतिराव, १४ ला बाबासाहेब. नाशिकच्या कार्यकर्त्यांनी त्याला १८ एप्रिल जोडावा, असं आम्ही सुचवतो. हार आणि डीजे नकोत. मुलांना घेऊन शरणपूरला जा, तिथे जेकबची गोष्ट सांगा, नकाशावर नाशिक, झांझिबार आणि मोंबासा दाखवा. मग काळाराम मंदिरापर्यंत चाला. २ मार्च १९३० रोजी त्या दारात आपली माणसं का उभी राहिली, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी काय सोसलं, ते तिथेच उभं राहून सांगा. एका दिवसात, एकाच शहरात, दोन खंडांचा लढा मुलांच्या पायाखालून जाईल.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन खूप जगला आणि १९३५ मध्ये मोंबासाला वारला. त्याच वर्षी इथे येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी गर्जना केली. त्या वर्षी नाशिकला शिकलेला एक म्हातारा आफ्रिकेत डोळे मिटत होता आणि नाशिक जिल्ह्यातली एक पिढी डोळे उघडत होती.

त्या मुलीला आम्ही आता सांगितलं आहे, "हो, आली होती. आणि आपल्याच शहरात शिकली होती." तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "मग त्यांचा फोटो का नाही लावला?"

येत्या एप्रिलपर्यंत लावायचा आहे. जय भीम!