गोव्याचा १९६३ चा कौल विलीनीकरणाचा नव्हता

पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या आमच्या संध्याकाळच्या गप्पांत गोव्याचा विषय निघाला की एक विधान हमखास कानी पडते: ‘गोव्याने त्रेसष्ट साली महाराष्ट्राला होकार दिला होता, दिल्लीने सदुसष्ट साली जनमत कौल लादून तो फिरवला.’ हे बोलणारी माणसे अभ्यासू आहेत आणि त्यांचे मराठीवरचे प्रेम निखळ आहे. तरीही हे विधान चुकीचे आहे. साडेचार शतकांच्या परकी अमलातून सुटलेल्या जनतेच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावणे, हा त्या मतदारावर अन्याय आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) नावातच महाराष्ट्र होता, जाहीरनाम्यात विलीनीकरण होते, आणि सर्वाधिक जागा त्यालाच मिळाल्या. भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १९६५ साली गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. मग जनतेला पुन्हा विचारण्याचे कारण काय? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

आता त्याची एकेक कडी तपासू.

पहिली कडी संख्येची. तीस जागांपैकी मगोला १४ मिळाल्या आणि विलीनीकरणाला उघड विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. स्पष्ट बहुमत मगोकडे नव्हते. मित्रांच्या आधाराने सरकार उभे राहिले. एका भूमीचे वेगळे अस्तित्व कायमचे मिटवण्याइतका निर्विवाद आदेश या आकड्यांतून निघतो का?

दुसरी कडी अधिक महत्त्वाची. मतदाराने मत नेमके कशाला दिले? पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत मतदानाचा हक्क मोजक्यांना होता आणि विरोधी पक्षाला जागाच नव्हती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणारे कूळ, त्याच्याच भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार, ज्याच्या मुलाला शाळा नव्हती असा बहुजन बाप, हे सारे १९६३ साली आपले राज्यकर्ते निवडायला प्रथमच रांगेत उभे राहिले. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने लष्कर पाठवून गोवा मुक्त केला, तिला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. का? तिच्या उमेदवारांत या लोकांना आपला भाटकारच दिसला. बांदोडकरांत त्यांना आपला माणूस दिसला. सत्तेवर आल्यावर या सरकारने १९६४ चा कूळ कायदा केला आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या मतामागची खरी मागणी ही होती.

तिसरी कडी निर्णायक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना, म्हणजे केंद्रशासित प्रदेशाला, १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. तेच मतदार, तेच गाव. निवडून कोण आले? पुन्हा मगो, आणि या वेळी १६ जागांसह. मगोला मत म्हणजेच विलीनीकरणाला मत असते, तर हे कसे घडले? पुढे विलीनीकरणाचा प्रश्न मिटल्यावरही १९७२ आणि १९७७ साली लोकांनी याच पक्षाकडे सत्ता दिली. पक्ष हवा होता. विलीनीकरण नको होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की विरोधी कौल केवळ ख्रिस्ती मतांचा होता. गणित तसे सांगत नाही. ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि विरोधी मते पंचावन्न टक्क्यांच्या वर गेली. हजारो हिंदू मतदारांनी दोन पाने निवडल्याशिवाय हे शक्य नव्हते. दुसरा आक्षेप असा की तो मराठीचा पराभव होता. मग हे आठवावे की विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार मोहीम ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने चालवली. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर मराठीतच होते. मराठी वाचणारा, मराठीत वाद घालणारा गोमंतकीय आपले राज्य वेगळे मागत होता. भाषेवर प्रेम असणे वेगळे, राज्यात विलीन होणे वेगळे.

हुकूमशाहीनंतरच्या मतपेटीविषयी असा गैरसमज इतरत्रही होतो. पोलंडमध्ये जून १९८९ मध्ये सॉलिडॅरिटी या साम्यवादविरोधी चळवळीने कनिष्ठ सभागृहातल्या खुल्या असलेल्या सर्व १६१ जागा जिंकल्या, आणि १९९३ साली त्याच देशाने माजी साम्यवाद्यांचे वारसदार सत्तेवर आणले. लोकांना जुनी राजवट परत हवी होती का? मुळीच नाही. या वारसदारांच्याच आघाडी सरकारने १९९४ साली युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. महागाईने आणि बेकारीने पिचलेल्या माणसाने आपल्या चुलीचा विचार करून मत दिले होते. पक्षाला दिलेले मत त्याच्या जाहीरनाम्यातल्या प्रत्येक कलमावरची सही नसते.

आणि ‘दिल्लीने लादले’ हे म्हणणे? जनमत कौलाचा कायदा संसदेने केला, हे खरे. पण मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या सरकारने त्याआधी राजीनामा दिला. निकाल विरुद्ध गेल्यावर भाऊसाहेबांनी तो मानला आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत त्याच गोव्याचा कारभार केला. ज्याचा पराभव झाला त्याने कौल मान्य केला. मग आपण पुण्यात बसून तो अमान्य का करावा?

वाचकहो, पुरावा आपल्यासमोर आहे, न्याय आपण करावा. माझा निष्कर्ष असा: १९६३ साली गोव्याच्या बहुजनांनी स्वतःचे राज्य मागितले आणि १९६७ साली ते राखले. हे दोन्ही कौल एकाच मतदाराचे होते, आणि दोन्ही खरे होते.