जुनं क्रेडिट कार्डचं कर्ज वसुली कंपनीला विकलं गेलं, तर ते फेडावंच लागतं का?

दहा-बारा वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड. नोकरी गेली, बिलं थकली, बँकेचे फोनही हळूहळू थांबले. मग एक दिवस भलत्याच कंपनीचा मेसेज येतो. तुमचं खातं आता आमच्याकडे आहे, ४० हजारांचे पावणेदोन लाख झालेत, आज निदान ५०० रुपये भरा, नाहीतर पोलीस घरी येतील.

परळ-लालबागच्या चाळीत असा वसुलीवाला दारात उभा राहिला की पहिली भीती पैशांची नसते, शेजाऱ्यांची असते. मग त्याला घालवण्यासाठी माणूस दिसेल त्या कागदावर सही करतो. खरा घोळ तिथेच होतो.

आधी ही कंपनी कोण ते बघू. बँका थकलेली कर्जं गठ्ठ्यानं विकतात. २००२ च्या सरफेसी कायद्यानं त्यासाठी ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपन्या, म्हणजे 'एआरसी' आल्या. त्यातली देशातली पहिली आर्सिल. तिचं ऑफिस दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर, रुबी मिलच्या जागेत उभ्या राहिलेल्या 'द रुबी' टॉवरमध्ये. कर्ज विकायला तुमची परवानगी लागत नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत कर्ज ठरावीक संस्थांनाच विकता येतं. फोन करणारी एजन्सी बहुतेक वेळा मालक नसतेच, ती कमिशनवर वसुली करते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: कर्ज आज कुणाच्या नावावर आहे, आणि त्याचं पत्र कुठे आहे? सोबत मूळ खात्याचा नंबर, थकल्याची तारीख आणि रकमेचा हिशोब मागायचा. हे फोनवर नाही, लेखी.

आता मुदतीचं. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टनुसार अशा पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. कर्ज विकलं गेलं म्हणून ही तीन वर्षं नव्यानं सुरू होत नाहीत. घेणारा बँकेच्या जागी येतो, तिच्या हक्कांसकट आणि तिच्या उशिरासकटही.

मग तीन वर्षांनी कर्ज संपलं? नाही. आणि याचं उत्तर गिरणगावातल्याच एका प्रकरणात आहे. कामगारांचे न दिलेले, पडून राहिलेले पगार सरकारी कल्याण निधीकडे वळवण्यावरून बॉम्बे डाइंग आणि तेव्हाचं मुंबई राज्य सुप्रीम कोर्टात गेले. तिथे देणेकरी होती गिरणी. १९५७ च्या निकालात कोर्टानं स्पष्ट केलं की मुदत गेली तरी देणं मरत नाही, फक्त ते कोर्टातून वसूल करता येत नाही. थोडक्यात, कंपनी मागू शकते, तुम्ही नाही म्हणू शकता.

हे कवच तुमचीच सही काढून घेऊ शकते. मुदत संपण्याआधी 'होय, माझं देणं आहे' असं सहीनिशी लिहून दिलं की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. सहीची नोंद असलेला छोटा भरणाही तेच करतो. मुदत संपल्यानंतर नुसत्या ५०० रुपयांनी तसं होत नाही. पण 'मी बाकी फेडीन' असं सहीनिशी लिहून दिलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार तो नवा, कोर्टात टिकणारा करार होतो. सेटलमेंटच्या फॉर्ममध्ये हे वाक्य हमखास असतं. त्यामुळे सही करण्याआधी तारखा तपासा.

तारखा मोजताना कोविड विसरू नका. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टानं मुदतीतून वगळला आहे. जून २०१८ मध्ये थकलेल्या कार्डाची मुदत त्यामुळे जून २०२१ ला नाही, साधारण मे २०२३ ला संपली.

आणि एक मोठी अट. बँकेनं मुदतीत दावा लावून हुकूमनामा मिळवला असेल तर हे तीन वर्षांचं गणित लागू नाही, अंमलबजावणीला १२ वर्षं मिळतात. म्हणून कोर्टाचं समन्स किंवा लवादाची नोटीस कचऱ्यात टाकू नये. गैरहजर राहिलात तर मुदतीचा मुद्दा मांडायला कुणी नसतं. लोकअदालतीत तडजोड करणं ऐच्छिक आहे, पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही.

पोलिसांची धमकी बहुधा पोकळच असते. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. फसवणूक किंवा चेक बाउन्स नसेल तर त्यासाठी अटक होत नाही, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय घरातली वस्तू कुणी उचलू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, चारचौघांत बदनामी, नातेवाईक-मित्रांना त्रास हेही चालत नाही. हा नियम एआरसींनाही लागू आहे. कॉल रेकॉर्ड ठेवा आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एजंट बँकेचा असेल आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

काहींना मात्र कर्ज फेडायचंच असतं, बहुतेकदा घराच्या कर्जासाठी सिबिल सुधारावा म्हणून. त्यांनी वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट आधी काढावा. पूर्ण रकमेपेक्षा कमी भरलं तर तिथे 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढची बँक तो बघते. रक्कम ठरली की ती कंपनीच्या लेटरहेडवर घ्यावी, पैसे एजंटच्या यूपीआयवर न पाठवता कंपनीच्या खात्यातच भरावेत, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट जपून ठेवावं. तेच कर्ज पुन्हा कुणी मागायला आलं, तर हाच कागद दाखवायचा.