नम्रता आणि गर्व (ख्रिस्ती धर्म)

नम्रता आणि गर्व ही ख्रिस्ती नीतिविचारातील परस्परविरोधी वृत्तींची जोडी आहे. देवाला विसरून स्वतःचे थोरपण मिरवणे म्हणजे गर्व, तर आपल्याजवळ जे आहे ते देवाच्या कृपेचे दान आहे हे ओळखून इतरांची सेवा करणे म्हणजे नम्रता. स्वतःला तुच्छ लेखणे हा नम्रतेचा अर्थ नव्हे.

बायबलमधील आधार

लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात परूशी आणि जकातदार यांचा दाखला आहे. परूशी प्रार्थनेत आपली पुण्यकृत्ये मोजतो. जकातदार केवळ दयेची याचना करतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. योहानकृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये होणारा पाय धुण्याचा विधी याच प्रसंगाची आठवण आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतल्याचे वर्णन येते. त्यामुळे ख्रिस्ती विचारात नम्रता हा मानवी सद्गुण असण्याआधी देवाने स्वतः दाखवलेला मार्ग ठरतो.

परंपरेतील विवेचन

संत ऑगस्टीन यांनी गर्वाला पापाचा प्रारंभ मानले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठनियमाच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या सांगितल्या. पोप पहिले ग्रेगरी (कार्यकाळ 590–604) यांनी गर्वाला सर्व प्रमुख पापांचे मूळ म्हटले. नम्रतेचाही गर्व वाटू शकतो, हा धोका आध्यात्मिक मार्गदर्शकांनी वारंवार सांगितला आहे.

मराठी भक्तिपरंपरेशी तुलना

अहंकार आणि लीनता यांची चर्चा मराठीत ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीपासून होत आली आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरागत कथेनुसार संतमेळ्यात गोरा कुंभारांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले. पुढे याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले त्यांना दिसले. पिंडी नसेल तेथे पाय ठेवावेत, असे विसोबांनी सुचवले. परंतु तशी जागा सापडेना. देव सर्वत्र आहे या जाणिवेने येथे भक्ताचा अभिमान गळतो. ख्रिस्ती विचारात तो देवाने पत्करलेल्या दास्यापुढे गळतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवन

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे नेणाऱ्या आपल्या वाटचालीत तुकारामांचे ऋण त्यांनी मानले. 1917 मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ स्थापन केला. लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सोवळेओवळे आणि जातीचा अभिमान आपल्या मनातून कसा गेला, हे स्वतःच्या फजितीसह सांगितले आहे. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेल्या रमाबाई (1858–1922) यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांसाठी आयुष्य वेचले. बायबलचा मराठी अनुवाद करताना अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशी सोपी भाषा त्यांनी निवडली.

टीका आणि पुनर्विचार

नम्रतेचा उपदेश कोण कोणाला करतो, हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. गर्वाला मुख्य पाप मानणारी मांडणी प्रामुख्याने पुरुषांच्या अनुभवावर आधारलेली आहे, असे अमेरिकन अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये मांडले. स्वत्व हरवून बसणे हा स्त्रियांपुढील अधिक मोठा धोका असल्याचे त्यांचे म्हणणे होते. भारतात अरविंद निर्मळ यांनी 1980च्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविद्येचा पाया घातला. या विचारधारेनुसार पिढ्यान्‌पिढ्या वाकवल्या गेलेल्या माणसाने ताठ उभे राहणे हा गर्व नसून देवाने दिलेल्या प्रतिष्ठेचा स्वीकार होय. पाय धुण्याच्या प्रसंगात गुरू शिष्यांपुढे वाकतो. म्हणून नम्रतेची पहिली अपेक्षा अधिकार असणाऱ्यांकडून केली जाते.