हात न लागलेलं आतडं

पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न असतो, 'वारा सरला का?' सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी या उत्तराची वाट बघण्यात गेली. पोट तट्ट फुगलेलं, नाकातून जठरात घातलेली नळी (रायल्स ट्यूब), स्टेथोस्कोप लावला तर आत काही आवाज नाही. कुठे पीळ नसतो, गाठ नसते. आतडं नुसतं थांबलेलं असतं. हा पॅरालिटिक इलियस. सर्जनचा हात लागतो वीतभर भागाला, मग जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळं का थांबावं, हे कोडं मला कायम छळायचं.

१८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. पोट उघडल्यावर थांबलेली आतडी, त्यांना आवर घालणारे मज्जातंतू कापताच पुन्हा हलू लागली. १९०६ मध्ये हार्वर्डच्या कॅनन आणि मर्फी यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन क्ष-किरणांखाली पाहिलं. नुसत्या ईथरच्या भुलीने फारसं बिघडत नव्हतं, आतडी हाताळली की मात्र अन्न रेंगाळायचं. पुढे कितीतरी दशकं दोष मज्जातंतूंच्याच माथी राहिला. पण तंतूंचा आवर काही तासांत सैलावतो आणि माझे रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही फुगलेलेच असत.

१९९८ मध्ये पिट्सबर्गला काल्फ आणि बाउअर यांच्या गटाने उंदरांच्या आतड्याचा स्नायूच तपासला. हाताळलेल्या जागी पांढऱ्या पेशींची गर्दी उसळली होती. म्हणजे दाह. तरी माझं कोडं उरलंच, कारण न हाताळलेल्या भागात हात कुणाचा गेला होता?

उत्तर मिळालं ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या एका औषधामुळे. जपानमध्ये तेत्सुरो फुजिता यांच्या गटाने सिकाडा किड्याच्या अळीवर वाढणाऱ्या बुरशीतलं एक द्रव्य घेतलं आणि त्यात फेरफार करून एफटीवाय७२० बनवलं. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये, हा त्यामागचा हेतू. हे औषध लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींत अडकवून ठेवतं, त्या रक्तात उतरतच नाहीत. २०१० मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या संशोधकांनी ते उंदरांना दिलं आणि इलियस टळला. म्हणजे हाताळलेल्या जागेतून निघालेल्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) रक्तावाटे दूरच्या आतड्यात पोचून तिथेही दाह पेटवत होत्या. ही बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पोटाच्या ऑपरेशनसाठी हे औषध अजून वापरात नाही आणि ही सावधगिरी मला योग्य वाटते. आतड्याचा ताजा टाका भरून यायला आणि जंतूंना अडवायला याच पांढऱ्या पेशी लागतात. सध्याचा भर आहे रुग्णाला लवकर चालवणं, लवकर घोटभर पाजणं आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं कमी देणं यावर. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ही वाट घालून दिली.

बॉनच्या त्याच अभ्यासात माणसांच्या रक्तातही अशा टी-पेशी पोटाच्या ऑपरेशननंतर तासाभरात सापडल्या. तेव्हा असं औषध कधी आलंच, तर ते वॉर्डात परतल्यावर देऊन उपयोग नाही. ते सुरी लागण्याआधीच द्यावं लागेल.